आदल्या संध्याकाळी ऑपरेशन रद्द : सासूबाईंच्या गोळ्यांची पूर्ण माहिती नक्की कोणाकडे असते?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. इथे कोणी भूलतज्ज्ञ किंवा नर्सिंगमधलं असेल तर त्यांनी जरूर लिहावं, ही विनंती.

माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या. उजवा गुडघा पार झिजलाय, म्हणून बदलायचं ठरलं. मधुमेह जुना, बीपी आहे आणि ३ वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय. म्हणजे डॉक्टर चार झाले: हाडांचे सर्जन, हृदयाचे, शुगर बघणारे फिजिशियन आणि भुलेचे. चौघंही आपापल्या कामात चांगले, विचारलं तर नीट उत्तर देणारे. माझं म्हणणं त्यांच्यापैकी कोणा एकाबद्दल नाहीच.

गुरुवारी सकाळचं ऑपरेशन. बुधवारी दुपारी दाखल झालो. कॅशलेसची मंजुरी आली, खोली मिळाली, दीर पुण्याहून रजा टाकून आले. संध्याकाळी भुलेचे डॉक्टर राउंडला आले. ओपीडीत पीएसी (भुलेआधीची तपासणी) केली होती त्या मॅडम वेगळ्या, हे वेगळे. त्यांनी गोळ्यांची पिशवी पलंगावर उपडी करायला लावली, एकेक स्ट्रिप उलटून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि शुगरच्या गोळीवर बोट ठेवून विचारलं, "ही शेवटची कधी घेतलीत?" सासूबाई म्हणाल्या, "आज सकाळी, रोजच्यासारखी." डॉक्टरांनी फाईल मागितली. फाईल टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे कागद बघतात तिथे. ती येईपर्यंत अर्धा तास गेला. मग त्यांनी सर्जनना फोन लावला आणि ऑपरेशन रद्द झालं.

कारण असं सांगितलं: त्या गोळीत मेटफॉर्मिनसोबत डापाग्लिफ्लोझिन आहे आणि ते निदान ३ दिवस आधी बंद व्हायला हवं होतं. हृदयाच्या गोळीचं नेमकं उलटं झालेलं. सर्जनच्या ओपीडीत "रक्त पातळ करायची गोळी ५ दिवस आधी बंद" असं सांगितलं होतं, म्हणून आम्ही ती पूर्ण बंद केली. पण त्या एकाच गोळीत क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन अशी दोन औषधं आहेत आणि ॲस्पिरिन थांबवायचंच नव्हतं. जे थांबायचं ते चालू, जे चालू राहायचं ते थांबलेलं.

घरी येऊन मी सगळे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले. फिजिशियनच्या कागदावर गोळीचं नाव आहे, ऑपरेशनचा उल्लेख नाही. हृदयाच्या डॉक्टरांच्या पत्रात "मॉडरेट रिस्क, फिट फॉर सर्जरी" एवढी एक ओळ. पीएसीच्या कागदावर शुगर, बीपी, ईसीजी, कवळी, मान किती वळते, सगळं आहे. औषधांच्या रकान्यात मात्र "यादी सोबत जोडली आहे" असं लिहिलंय आणि सोबत काहीच जोडलेलं नाही. त्यात खंडेराव मार्केटजवळच्या आमच्या मेडिकलवाल्याने मध्यंतरी कंपनी बदलून दिली होती. "कन्टेन्ट सेम छे, बेन." होतंही तेच, पण स्ट्रिपवरचं नाव आता एकाही कागदाशी जुळत नाही.

कोणी म्हणेल भाषेची अडचण असेल. तसंही नाही. आमच्या तीन पिढ्या बडोद्यात गेल्या, सासूबाई वॉर्डातल्या सिस्टरांशी माझ्यापेक्षा चांगलं गुजराती बोलतात. माहिती सगळी होती. चार ठिकाणी होती, आणि एकाही ठिकाणी पूर्ण नव्हती.

मला विचारायचंय ते हे. रद्द करणं खरंच इतकं गरजेचं होतं का? सगळ्यांचं एकत्र करून "ह्या गोळ्या बंद, ह्या चालू" हे ठरवणं नक्की कोणाचं काम? आणि आता पुढची तारीख मिळाली आहे, तर ह्या वेळी आम्ही काय करावं? सासूबाई खचल्या आहेत. "माझ्यापायी सगळ्यांची धावपळ" असं सारखं म्हणतात, ते मला ऐकवत नाही.

अकोटावासी

आमच्या वडिलांच्या हर्नियाच्या वेळी थोडं असंच झालं होतं, म्हणून लगेच लिहितोय. चारही डॉक्टरांचा व्हॉट्सॲप ग्रुप करा, सगळे रिपोर्ट त्यात टाका. आणि आयुष्मान भारतचा आभा नंबर काढला नसेल तर काढून घ्या, १४ आकडी असतो, रिपोर्ट एका जागी जोडता येतात.

भूलतज्ज्ञ_कारेलीबाग

ताई, पहिलं उत्तर आधी देतो. रद्द करणं बरोबर होतं आणि ज्यांनी स्ट्रिप उलटून वाचली त्यांनी तुमच्या सासूबाईंवर मोठा उपकार केला.

डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. पोट उपाशी, वर ऑपरेशनचा ताण, अशा वेळी शरीर चरबी जाळू लागतं, रक्तात कीटोन साठतात आणि रक्त आम्लयुक्त होतं. एरवी मधुमेहात असं झालं की शुगर चारशे-पाचशेच्या घरात जाते आणि सगळे सावध होतात. ह्या औषधावर ती दीड-पावणेदोनशेच दिसू शकते. ग्लुकोमीटर बघून वॉर्ड निश्चिंत राहतो, पेशंटला मळमळ आणि धाप लागते, आणि ते भुलेमुळे किंवा दुखण्यामुळे असेल असं समजलं जातं. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०२० मध्ये ह्या गटातल्या औषधांच्या लेबलवर घातलं की ठरवून करायच्या ऑपरेशनआधी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ३ दिवस आणि अर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस आधी थांबवावं. गुडघा काही आठवडे थांबू शकतो.

क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी बंद नसेल तर पाठीतून भूल देताना मणक्यात रक्त साठून मज्जारज्जू दाबला जाण्याची भीती असते. क्वचित घडतं, पण घडलं तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. ॲस्पिरिनची तशी अडचण नाही, आणि स्टेंट असलेल्यांचं ते बहुतेक वेळा चालूच ठेवतात, कारण ते थांबलं तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. तेव्हा "रक्त पातळ करायची गोळी बंद" हा निरोप अपुरा होता. आपल्याकडे दोन-दोन, तीन-तीन औषधं एका गोळीत देण्याची पद्धत फार आहे. रोज घ्यायला सोपं जातं, चुकत नाही, म्हणून देतात. पण ऑपरेशनच्या वेळी त्यातलं एक बंद आणि एक चालू असं करावं लागलं की गोळी मोडून दोन वेगळ्या लिहून द्याव्या लागतात, आणि ते कोणी तरी लक्षात ठेवून करावं लागतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हे काम आमचं आहे, पीएसी करणाऱ्याचं. सर्जनच्या संमतीने, पण गोळा करणारा हात आमचा. ओपीडीत तपासणारा भूलतज्ज्ञ आणि टेबलावर भूल देणारा भूलतज्ज्ञ वेगळे असणं बहुतेक मोठ्या ठिकाणी होतंच. दोघांमध्ये दुवा म्हणजे तो पीएसीचा कागद. त्यावर औषधांचा रकाना रिकामा असेल तर पुढच्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, तीही आदल्या संध्याकाळी.

पण मला खरं बोलायचंय ते फिटनेसच्या चिठ्ठीबद्दल. पेशंटला आपण तोंडी सांगतो, "हार्टवाल्यांकडून फिटनेस आणा." तो जातो. हृदयाच्या डॉक्टरांना ऑपरेशन कोणतं, तारीख काय, भूल पाठीतून की पूर्ण, रक्त किती जाण्याची शक्यता, ह्यातलं काही सांगितलेलं नसतं. काही विचारलेलंही नसतं. मग ते "फिट, मॉडरेट रिस्क" लिहितात आणि शिक्का मारतात. तो कागद फाईलला लागतो, विमा कंपनीला पुरतो, आणि मला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. प्रश्न न विचारता मागवलेलं उत्तर असंच येणार. मी जिथे काम करतो तिथे आम्ही चिठ्ठी अशी लिहितो: "वय ७१, उजवा गुडघा बदलणं, अमुक तारीख, पाठीतून भूल देण्याचा विचार. स्टेंट ३ वर्षांपूर्वी. क्लोपिडोग्रेल अमुक तारखेपासून थांबवून ॲस्पिरिन ७५ चालू ठेवलं तर चालेल का? क्लोपिडोग्रेल पुन्हा कधी सुरू करायचं? इको (हृदयाची सोनोग्राफी) नव्याने हवा का?" ह्याला उत्तर येतंच, आणि ते दोन ओळींत येतं. शुगरसाठीही तसंच. "डापा बंद" एवढं लिहून भागत नाही. बंद असताना त्याऐवजी काय, हे फिजिशियनकडून आलं पाहिजे, नाहीतर ३ दिवसांत शुगर अडीचशेवर जाईल आणि पुन्हा रद्द.

व्हॉट्सॲप ग्रुपचं सुचवणाऱ्यांना नम्रपणे सांगतो, तो करू नका. चार निळ्या खुणा दिसतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने उत्तर दिलं असेल. फोनवर बोलून ठरलं तरी हरकत नाही, मात्र कोण कोणाशी बोललं, किती वाजता, काय ठरलं हे त्याच वेळी फाईलमध्ये उतरलं पाहिजे. रात्रपाळीच्या डॉक्टरला फाईल दिसते, आमचा फोन दिसत नाही. आभा नंबर जरूर काढा, पण तुमच्या कागदांवर जे लिहिलेलंच नाही ते आभामध्येही सापडणार नाही.

तुम्ही करायचं ते एवढंच: गोळ्यांची यादी गोळीच्या नावाने न करता आतल्या औषधाच्या नावाने करा, स्ट्रिपच्या मागे बघून. एका गोळीत दोन औषधं असतील तर दोन ओळी. यादी घेऊन पीएसीला जा आणि प्रत्येक ओळीसमोर "चालू" किंवा "बंद, अमुक तारखेपासून" असं डॉक्टरांकडून लिहून, सही घेऊन या. पीएसी निदान १० दिवस आधी ठेवा. २ दिवस आधी ठेवली तर सगळं कळूनही काही करता येत नाही.

ओटी_सिस्टर_निवृत्त

मी सरकारी दवाखान्यात ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर होते, आता निवृत्त. डॉक्टरांनी औषधांचं सगळं छान सांगितलंय. मी वॉर्ड ते ओटी एवढ्याच अंतराचं सांगते, कारण तिथे काय गळतं ते बाहेरच्यांना दिसत नाही.

पेशंट दुपारी २ च्या पाळीत दाखल होतो. त्या सिस्टरला घरचे सगळं सांगतात: कवळी, ॲलर्जी, मागच्या भुलेनंतर उलट्या झाल्या होत्या. रात्री ८ ला पाळी बदलते. एका सिस्टरकडे पंधरा-वीस पेशंट असतील तर पुढचीला काय पोचतं? "खोली अमुक, गुडघा, उद्या पहिली केस, बारानंतर एनबीएम (तोंडाने काही द्यायचं नाही)." सकाळी ८ ला तिसरी पाळी, तोवर पेशंट ट्रॉलीवर. म्हणून जे जिवाचं आहे ते तोंडी सांगून थांबू नये. "सिस्टर, केसपेपरवर लिहाल का? पेनिसिलिनची ॲलर्जी आहे," असं म्हणावं आणि लिहिताना समोर उभं राहावं. कोणी रागावत नाही. आम्ही नव्या मुलींना शिकवायचो की फोनवर ऑर्डर घेतली तर ती लिहायची, परत वाचून दाखवायची, मगच फोन ठेवायचा.

उपाशी ठेवण्याचंही असंच. रात्री १२ नंतर पाण्याचा थेंब नाही, हे सरसकट सगळ्यांना सांगतात. खरं तर साधं पाणी भुलेच्या २ तास आधीपर्यंत चालतं आणि हलकं खाणं ६ तास आधीपर्यंत, हा भूलतज्ज्ञांचाच नियम आहे. ओटीची यादी सकाळी बदलते, इमर्जन्सी सिझेरियन मध्ये येतं, पहिली केस तिसरी होते, आणि हे वॉर्डात कोणी कळवत नाही. मधुमेहाच्या आजी दुपारी २ पर्यंत कोरड्या घशाने बसतात. तुम्ही सकाळीच विचारा, "केस मागे गेली तर आजींना पाणी कधीपर्यंत देऊ?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण उत्तर भूलतज्ज्ञांकडूनच यायला हवं, आयाबाईंकडून नको.

आणि ओटीतली चेकलिस्ट. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये काढली, १९ मुद्दे, तीन थांबे: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी, पेशंट बाहेर नेण्याआधी. ८ शहरांतल्या ८ रुग्णालयांत ती वापरून बघितली, त्यात आपली दिल्लीही होती. २००९ मध्ये निकाल आले: मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. त्या कामाचे प्रमुख डॉ. अतुल गावंडे, वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले, ह्याचा मला आजही आनंद वाटतो. त्या यादीत नवं औषध नाही, यंत्र नाही. चिरा देण्याआधी सगळ्यांनी थांबायचं, प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं, पेशंट कोण, कोणतं ऑपरेशन, कोणती बाजू हे मोठ्याने म्हणायचं, अँटिबायोटिक गेल्या ६० मिनिटांत दिलं का ते विचारायचं. नाव सांगायला लावलं की सगळ्यात ज्युनिअर मुलगीही पुढे बोलायला धजते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा बोललेली मुलगी "सर, एक्सरे डाव्या पायाचा लावलाय" असंही म्हणू शकते. जिथे ती यादी केस संपल्यावर बसून एकदम टिक करतात तिथे कागद भरतो, काम होत नाही.

गुडघ्यावर खूण सर्जननेच करायला हवी, सासूबाई पूर्ण जाग्या असताना, त्यांना विचारून. त्यांना सांगून ठेवा की ओटीत पाच जणांनी पाच वेळा नाव आणि पाय विचारला तर कंटाळायचं नाही, घाबरायचं नाही. यांना माहीत नाही म्हणून विचारत नाहीत, ठरवून विचारतात.

अकोटावासी

सिस्टर आणि डॉक्टर, दोघांचं पटलं. ग्रुपचा मुद्दा मागे घेतो. पण एक मनापासून विचारतो. हे सगळं नातेवाइकांनी का करायचं? मांजलपूरकर ताई शिकलेल्या आहेत, स्ट्रिप वाचू शकतात. पादऱ्याहून किंवा डभोईहून आलेले, वाचता न येणारे आजोबा काय करणार? पैसे दवाखाना घेतो, तर माहिती दवाखान्यानेच गोळा करायला हवी. केसपेपरची प्रत मागायलाही लोक बिचकतात. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यावर ७२ तासांत नोंदींची प्रत द्यावी लागते, हेही फार थोड्यांना ठाऊक असतं.

भूलतज्ज्ञ_कारेलीबाग

तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीच पद्धत बसली पाहिजे. आमच्याकडे पीएसीला येताना "घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट आणा" एवढंच सांगतो. वाचायचं काम आमची सिस्टर करते, औषधांची नावं ती लिहिते. फाईल टीपीएला गेली तरी पीएसीची झेरॉक्स वॉर्डात राहील अशी सोय केली आहे. खर्च शून्य. पण सगळीकडे हे होईपर्यंत ताईंच्या सासूबाईंचं ऑपरेशन थांबणार नाही, म्हणून त्यांना जे हातात आहे ते सांगितलं.

मांजलपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

काय केलं ते लिहिते, पुढे कोणाला उपयोग होईल. यादी औषधांच्या नावाने केली. पीएसीच्या मॅडमना दाखवली आणि डॉक्टरांनी वर लिहिलेले प्रश्न जसेच्या तसे वाचून "हे तुम्ही हृदयाच्या डॉक्टरांना लिहून द्याल का?" असं विचारलं. त्यांनी बसल्या बसल्या लिहून दिलं, उलट म्हणाल्या की असं कोणी मागत नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी त्याच कागदावर उत्तर लिहिलं: क्लोपिडोग्रेल ५ दिवस आधी बंद, ॲस्पिरिन ७५ ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा चालू, क्लोपिडोग्रेल पुन्हा कधी ते सर्जनशी बोलून. त्यांनी माझ्यासमोर सर्जनना फोन केला आणि ते बोलले. आधीच्या सगळ्या फेऱ्यांत हे दोघं एकमेकांशी बोललेच नव्हते. फिजिशियननी डापाग्लिफ्लोझिन ३ दिवस आधी बंद, मेटफॉर्मिन वेगळी गोळी म्हणून आदल्या रात्रीपर्यंत, आणि मधल्या दिवसांसाठी दुसरी गोळी लिहून दिली.

सासूबाईंनी ती यादी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली आहे आणि आल्यागेल्याला दाखवतात. त्यांचा धीर परत आला, ह्याचं मला सगळ्यात बरं वाटतंय.

एकच ओळ अडली आहे. बीपीची गोळीही जोडगोळी निघाली, टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलोल. पीएसीच्या कागदावर "बीपीची गोळी सकाळी घोटभर पाण्यासोबत" असं आहे. तीही मोडायची का?

भूलतज्ज्ञ_कारेलीबाग

ही ओळ तुम्ही पकडली हे फार चांगलं झालं. मेटोप्रोलोल चुकवायचं नाही. रोज घेणाऱ्याचं एकदम थांबलं तर नाडी आणि बीपी उसळतं, स्टेंटवाल्यांना ते नको असतं. टेल्मिसार्टन मात्र आमच्यापैकी पुष्कळजण २४ तास आधी थांबवतात, कारण भूल दिल्यावर बीपी फार खाली जाऊ शकतं. काहीजण चालू ठेवतात. म्हणून मी इथून ठरवत नाही. मॅडमना फोन करून विचारा, "टेल्मिसार्टन थांबवून मेटोप्रोलोल वेगळं द्यायचं का?" थांबवायचं म्हणाल्या तर मेटोप्रोलोलची चिठ्ठी त्यांच्याकडून आणि तेवढाच डोस, साधी की हळूहळू विरघळणारी तेही जुळवून.

आणि एक राहिलं. डिस्चार्जच्या दिवशी कार्ड हातात आल्यावर लगेच निघू नका. ही सगळी औषधं परत केव्हा सुरू करायची ते तारखेसह त्यावर आहे का बघा, विशेषतः क्लोपिडोग्रेल. डापाग्लिफ्लोझिन खाणंपिणं पूर्ववत झाल्यावर, फिजिशियनना विचारूनच. नव्याने लिहून दिलेल्या वेगळ्या गोळ्या आणि घरातल्या जुन्या जोडगोळ्या एकाच वेळी चालू राहून डोस दुप्पट होणं हे मी बघितलंय. जुन्या स्ट्रिप आत्ताच वेगळ्या डब्यात काढून ठेवा.

मांजलपूरकर

मॅडमशी आत्ता बोलले. टेल्मिसार्टन आदल्या सकाळपासून बंद, मेटोप्रोलोल वेगळं, त्यांनी चिठ्ठी पाठवली आणि पीएसीच्या कागदावरची ती ओळ खोडून नवी लिहिली, सहीसकट. तो कागद वॉर्डातल्या फाईलमध्ये राहील आणि टीपीएला झेरॉक्स जाईल, असंही कबूल करून घेतलं.